पाऊल दुखतंय: नेहमीच्या डॉक्टरांकडे कधी जायचं, पायाच्या तज्ज्ञाकडे कधी

दोन्ही घोटे सुजलेला माणूस हाडांच्या डॉक्टरांकडे जातो. एक्स-रे निघतो, हाडं ठीक असतात, आणि सुजेचं मूळ हृदयात किंवा मूत्रपिंडात असेल तर ते शोधायला आणखी काही आठवडे जातात. दुसरीकडे मधुमेह असलेला माणूस तळव्यावरच्या फोडाला घरातलं मलम लावत बसतो, कारण 'दुखत तर नाहीये'. दोघांचा हिशेब एकच: जिथे दुखतं तिथला डॉक्टर, आणि दुखत नसेल तर कुणीच नाही. हा हिशेब पायाच्या बाबतीत फार वेळा फसतो.

त्यात आपली भाषाही थोडा गोंधळ घालते. मराठीत 'पाय' कमरेखालून सुरू होतो आणि बोटांच्या टोकाला संपतो. 'डॉक्टर, पाय दुखतो' एवढं सांगितलं तर डॉक्टरांना काहीच कळलेलं नसतं. म्हणून इथे घोट्याखालच्या भागाला पाऊल म्हटलं आहे आणि अख्ख्या अवयवाला पाय. दवाखान्यातही असंच बोला: टाच, तळवा, कमान, चवडा, घोटा, पोटरी.

खालचे टप्पे क्रमानेच घ्या. एखाद्या टप्प्यावर 'हो, हे माझं आहे' असं वाटलं तर पुढे वाचत बसू नका, तिथूनच निघा.

## टप्पा १: आजच, आत्ताच जायचं आहे का?

इथे तज्ज्ञ की नेहमीचे डॉक्टर हा प्रश्नच येत नाही. पुढचं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जा.

- पाय अचानक थंड, पांढुरका किंवा निळसर पडला आहे आणि खूप दुखतो आहे किंवा बधिर झाला आहे. रक्तपुरवठा तुटल्यावर स्नायू काही तासच तग धरतात.
- एकच पोटरी सुजली आहे, गरम लागते, दाबल्यावर दुखते. नुकताच लांबचा प्रवास, ऑपरेशन, प्लास्टर किंवा बाळंतपण झालं असेल तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय आणखी वाढतो. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर एक मिनिटही घालवू नका.
- मार लागल्यावर पाऊल वाकडं दिसतं आहे किंवा जखमेतून हाड दिसतं आहे.
- पावलावरची लाली वर सरकते आहे आणि अंगात ताप, हुडहुडी आहे.
- पाऊल वर उचलताच येत नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात. हे बहुतेक वेळा कमरेतल्या किंवा गुडघ्याजवळच्या नसेचं काम असतं, पावलाचं नव्हे. हे नव्याने झालं असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र तासांचा हिशेब सुरू होतो.
- खेळताना किंवा धावताना टाचेच्या वर 'फट्' झालं, मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं. पोटरीला टाचेशी जोडणारी धोंडशीर, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटलेली असू शकते. यात फसायला होतं, कारण ती तुटूनही काही जण लंगडत चालतात. चालता येतंय म्हणून 'मुरगळलं असेल' असं समजून आठवडे काढले की उपचार अवघड होतो.

सावधान: एकाच बाजूची पोटरी सुजली असेल तर तेल लावून चोळू नका. गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते.

तपासून घ्या: लाली पसरते आहे का हे कळत नसेल तर तिच्या कडेने पेनने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. लाली रेघ ओलांडून गेली तर त्याच दिवशी डॉक्टर.

## टप्पा २: मधुमेह किंवा बधिरपणा आहे का?

मधुमेह असेल, किंवा दुसऱ्या कुठल्याही कारणाने तळव्याची जाणीव कमी झाली असेल, तर बाकीचे टप्पे तुम्हाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तुमचा नियम कडक आहे: कातडी फाटली, फोड आला, रंग बदलला, बोट काळं पडलं किंवा पाऊल एकाएकी गरम झालं, तर २४ तासांच्या आत कुणालातरी दाखवायचं. दुखत नसलं तरी. दुखत नसेल तर जास्तच, कारण जखम असून न दुखणं हाच नस निकामी झाल्याचा पुरावा आहे.

मधुमेहींच्या पायांसाठी वेगळं क्लिनिक असेल तर थेट तिथे जा. नसेल तर तज्ज्ञाची तारीख मिळण्याची वाट पाहू नका. नेहमीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारा. पावलातला रक्तप्रवाह तपासला का? जखम हाडापर्यंत गेली आहे का? आणि जखमेवरचा भार कसा काढायचा? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त राहून जातो. औषध चालू आणि त्याच जखमेवर दिवसभर चालणंही चालू, अशाने तळव्याची जखम भरत नाही. मलमपट्टी बदलण्याइतकंच वजन काढणं महत्त्वाचं आहे, माझ्या मते त्याहून जास्त.

आणखी एक अवस्था ओळखून ठेवा. बधिर पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेलं दिसतं, जखम कुठेच नसते, दुखणं थोडंसंच. याला शार्को फूट म्हणतात. आतली हाडं आणि सांधे ढासळत असतात आणि सुरुवातीचा एक्स-रे साफ नॉर्मल येऊ शकतो. मग ते जंतुसंसर्ग किंवा मुरगळणं समजलं जातं आणि माणूस चालत राहतो. काही आठवड्यांत कमान बसते आणि पावलाचा आकार कायमचा बदलतो. दोन्हींपैकी एकच बधिर पाऊल गरम झालं की त्यावर उभं राहणं थांबवा आणि 'शार्को तर नाही ना?' हे स्वतः विचारा. असा प्रश्न विचारल्याने कुठल्याही चांगल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

या टप्प्यावरच्या नेहमीच्या चुका अशा:

- पाय शेकायला गरम पाण्यात बुडवणं. पाणी किती गरम आहे हे बधिर तळव्याला कळत नाही. आधी कोपराने पाहा, आणि गरम पाण्याची पिशवी तर नकोच.
- कुरूप घालवायला दुकानातून औषधी पट्टी आणणं. तिच्यातलं अॅसिड कुरूप आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही.
- ब्लेडने भोवरी कापणं. हे ज्यांना मधुमेह नाही त्यांनीही करू नये.

तपासून घ्या: काही तक्रार नसली तरी वर्षातून एकदा पावलांची तपासणी झाली पाहिजे. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून जाणीव पाहतात आणि पावलावरची नाडी बोटांनी चाचपतात. डॉक्टरांनी मोजे काढायलाच सांगितले नसतील तर ती तपासणी झालेली नाही.

## टप्पा ३: दहा मिनिटं बसून पाऊल स्वतः बघा

पहिले दोन टप्पे पार झाले असतील तर आता घाई नाही. उजेडात बसा, दोन्ही पावलं उघडी करा आणि उत्तरं कागदावर लिहा.

एका बोटाने जागा दाखवता येते का? एका बोटाने दाखवता येणारं दुखणं बहुतेक स्थानिक असतं: हाड, सांधा, स्नायूबंध, नख. अख्ख्या तळहातानेसुद्धा झाकलं जात नाही असं दुखणं, जळजळ किंवा मुंग्या बहुधा नसेच्या, रक्तप्रवाहाच्या किंवा अख्ख्या शरीराच्या खात्यात जातात.

एका पायात की दोन्हीत? सगळ्यात जास्त कामाचा प्रश्न हाच, आणि माणसं तो स्वतःला विचारतच नाहीत. दोन्ही पावलं एकसारखी सुजतात किंवा दोन्ही तळव्यांची रात्री आग होते, तर शोध पावलाबाहेर घ्यायचा असतो.

कधी दुखतं? सकाळच्या पहिल्या पावलांना टाच चिरल्यासारखी होते आणि थोडं चाललं की सुटते, तर बहुधा तळव्याखालचा पट्टा दुखावला आहे. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येते आणि उभं राहताच सुटते, तर रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका घ्यायची. नुसतं उभं राहून सुटत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, तर कंबर तपासायला हवी. उभं राहून बरं वाटतं की बसून, एवढ्याशा फरकावरून डॉक्टर बदलतो. पाऊल रात्री दुखतं आणि पलंगावरून खाली लोंबकळतं सोडल्यावर बरं वाटतं, तर रक्तपुरवठा बराच घटलेला असू शकतो. अशा वेळी लवकरात लवकर, याच आठवड्यात, दाखवा.

कातडी आणि नखं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आहेत का, टाचेच्या भेगा खोल जाऊन त्यांतून रक्त येतं का, हे पाहा. नखाखाली काळपट उभा पट्टा आहे आणि तो रुंद होतो आहे, किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला आहे, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. हा पट्टा सरकत नाही. तो त्वचेचा कर्करोगही असू शकतो, म्हणून 'बुरशी असेल' असं म्हणून सोडून द्यायचा नाही.

तळव्यावरचा टणक ठिपका कुरूप आहे की चामखीळ, हेही घरी बरंचसं कळतं. सरळ दाबल्यावर जास्त दुखतं ते कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखते ती चामखीळ. तिच्यात बारीक काळे ठिपके दिसतात आणि कातडीवरच्या रेषा तिच्यापाशी तुटतात.

## टप्पा ४: नेहमीच्या डॉक्टरांकडे न्यायच्या तक्रारी

सामान्य दवाखान्यात काही कळणार नाही, असं समजून यातली माणसं थेट तज्ज्ञाकडे जातात आणि वेळ गमावतात.

दोन्ही पावलांची सूज. हृदय, मूत्रपिंड, यकृत, शिरांच्या झडपा किंवा चालू औषध, यांतलं काहीही कारण असू शकतं. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिन या गोळीने घोटे सुजणं अगदी ओळखीचं आहे. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण सूज गोळीच्या आधीची की नंतरची, ते नक्की सांगा.

दोन्ही तळव्यांची आग, मुंग्या, बधिरपणा. साखर, बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड रक्तातून तपासले जातात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं. दारूचं प्रमाण खरं सांगा. कातडीवर फिकट किंवा लालसर, जाणीव गेलेला चट्टा असेल तर तोही दाखवा: कुष्ठरोग आजही आहे आणि औषधांनी पूर्ण बरा होतो, पण लपवला तर नसा जातात.

अंगठ्याचा सांधा रात्रीत लाल, गरम, चादर लागली तरी असह्य. बहुधा गाउट, म्हणजे युरिक अॅसिड सांध्यात साचून येणारी सूज. इथे एक सापळा आहे: ऐन झटक्यात केलेली युरिक अॅसिडची तपासणी नॉर्मल येऊ शकते. त्यावरून 'गाउट नाही' असं ठरवू नका. झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी ती पुन्हा करतात. सांधा तापला आहे आणि अंगातही ताप आहे, तर सांध्यात पू झाल्याची शक्यता धरून त्याच दिवशी दाखवायचं.

पावलाबरोबर बोटांचे, मनगटाचे सांधेही सकाळी आखडत असतील तर नेहमीचे डॉक्टर रक्त तपासून संधिवाताच्या तज्ज्ञांकडे पाठवतील. चिखल्या, साधं नखुर्डं, नुकताच झालेला जंतुसंसर्ग हेही त्यांच्याकडेच.

## टप्पा ५: मुरगळलेल्या पावलाची चाचणी

'चालता येतंय म्हणजे मोडलेलं नाही' या समजुतीवर मी स्वतः एकदा आठ दिवस काढले आहेत. करंगळीमागचं हाड मोडलं होतं. त्याउलट प्रत्येक मुरगळण्याला एक्स-रे काढणाऱ्यांनाही तो लागत नसतो. १९९२ साली कॅनडात ओटावा इथे तयार झालेले नियम यासाठीच आहेत. डॉक्टर ते वापरतात, तुम्हीही प्राथमिक अंदाज घेऊ शकता:

१. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या उंचवट्याचं टोक, किंवा त्याची मागची कड सुमारे ६ सेंटिमीटर वरपर्यंत, बोटाने दाबा. हाडावरच दुखतं का?

२. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मध्यावरचा उंचवटा दाबा.

३. पावलाच्या आतल्या कडेला, कमानीच्या वरचं हाड दाबा.

४. मार लागल्या लागल्या आणि आत्ताही, लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का?

एका जरी जागी हाड दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवा. तो नेहमीचे डॉक्टरही काढायला सांगू शकतात. हाड मोडलेलं दिसलं की पुढचं काम हाडांच्या तज्ज्ञांचं.

सावधान: बधिर पावलाला आणि लहान मुलांना ही घरगुती चाचणी लावू नका. आणि तळव्याच्या मध्यावर काळंनिळं पडलं असेल तर ही चाचणी काहीही म्हणो, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पावलाच्या मधल्या भागातले बंध तुटल्याची ती खूण असते आणि झोपून काढलेल्या एक्स-रेत ते सुटून जातं.

## टप्पा ६: पायाच्या तज्ज्ञाकडे न्यायच्या तक्रारी

आधी तज्ज्ञ म्हणजे कोण ते पाहू. काही देशांत पोडियाट्रिस्ट हा फक्त पावलांवर काम करणारा वेगळा व्यवसाय आहे. जिथे तो नाही तिथे ऑर्थोपेडिक सर्जनांपैकी पाऊल आणि घोटा जास्त बघणारे शोधावे लागतात. फोनवर सरळ विचारा: 'डॉक्टर पावलाच्या केसेस नियमित बघतात का?' गुडघे बदलण्यात नावाजलेले सर्जन अंगठ्याच्या हाडासाठी योग्य असतीलच असं नाही.

थेट तिकडे जाण्यासारखं: अंगठा वळून बाजूला आलेला उंचवटा, जो आता बूट घालू देत नाही, बोटं वाकून कायमची आखडणं, मोठ्या वयात एकाच पावलाची कमान हळूहळू खाली बसणं, वारंवार मुरगळून सैल झालेला घोटा, पुन्हा पुन्हा आत वाढणारं नख, तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये खडा टोचल्यासारखं वाटणं.

हाडावर एकाच जागी दुखतं, पळणं किंवा चालणं नुकतंच वाढवलं आहे आणि एक्स-रे नॉर्मल आहे, अशा माणसानेही तज्ज्ञाकडे जावं. ताणाने पडलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसत नाही. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन पुन्हा पळायला लागणं ही यातली सगळ्यात महागडी चूक.

टाचदुखीचं मात्र वेगळं. ती बहुतेकांची ऑपरेशनशिवाय जाते, पण महिने घेते. रोज पोटरी आणि तळवा ताणणं, उशी असलेली पादत्राणं आणि अनवाणी चालणं बंद, एवढं दोन-तीन आठवडे नेमाने करा. फरक नसेल तर नेहमीचे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, आणि काही महिने उलटूनही अडलं असेल तर तज्ज्ञ. एक्स-रेत 'टाचेचं हाड वाढलंय' असं दिसलं म्हणून घाबरू नका. टाच न दुखणाऱ्या पुष्कळांमध्येही ते वाढलेलं असतं. टाचेत सुई घेण्याचा सल्ला मिळाला तर किती वेळा घ्यायची ते आधी विचारा, कारण स्टेरॉइडच्या वारंवार सुयांनी तळव्याचा पट्टा तुटू शकतो आणि टाचेखालची चरबीची गादी झिजते.

रक्तप्रवाहाची शंका असेल तर पायाचा तज्ज्ञ नको, रक्तवाहिन्यांचे सर्जन हवेत. नेहमीचे डॉक्टर आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून ०.९ पेक्षा कमी आलं तर रक्तवाहिनी अरुंद आहे.

## टप्पा ७: लहान मुलांसाठी

पाच-सहा वर्षांपर्यंत सपाट पाऊल सहसा चिंतेचं नसतं. चवड्यावर उभं केल्यावर कमान दिसत असेल आणि दुखत नसेल तर महागडे बूट घेऊ नका. साधारण ८ ते १४ वयात खेळणाऱ्या मुलाची टाच दुखते ती बहुधा वाढीच्या हाडावरच्या ताणाने, आणि विश्रांतीने बसते. पण लंगडणं आणि ताप एकत्र असेल, किंवा मूल पाऊल टेकवायलाच तयार नसेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ. त्याचं दुखणं खुब्यातही असू शकतं.

## टप्पा ८: भेटीची तयारी

- रोजचे, झिजलेले बूट-चपला घालून जा. नवे घालून गेलात तर पाऊल वजन कुठे टाकतं हे तळ सांगू शकत नाही.
- नेलपॉलिश काढा. त्या दिवशी मलम, हळद, पावडर काही लावू नका. रंग आणि ओल झाकली जाते.
- नखात बुरशीचा संशय असेल तर नख अगदी कापून जाऊ नका, तपासणीला तुकडा लागतो. पोटात घ्यायचं औषध सुरू करण्यापूर्वी ही तपासणी मागा. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे चुकीच्या निदानावर घेतलेल्या गोळ्या उघड्या पडायलाही तेवढाच वेळ जातो.
- सूज संध्याकाळी येत असेल तर संध्याकाळचा फोटो काढून ठेवा. दवाखान्यात सकाळी पाऊल सडपातळ दिसतं.
- सगळ्या औषधांची यादी न्या. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक नुकतंच घेतलं असेल तर सांगा. त्या गटाच्या औषधांनी टाचेची धोंडशीर दुखावू शकते.
- गुडघ्यापर्यंत सहज वर होतील असे कपडे घाला. दोन्ही पाय शेजारी ठेवून बघायचे असतात.

तपासून घ्या: बाहेर पडण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: 'किती दिवसांत फरक पडला नाही तर परत येऊ, आणि तेव्हा कुणाकडे?' नेहमीच्या डॉक्टरांनी तारीख दिली असेल आणि ती उलटून गेली असेल, तर तीच गोळी आणखी महिनाभर घेण्याऐवजी तज्ज्ञासाठी चिठ्ठी मागा.